एक रिंग आणि कट

कुणी "फुकट आहे" म्हणालं की माझ्या सासूबाई आधी दाराला कडी लावतात आणि मग विचारतात, "कोण आलंय?" त्यांच्या हाताखाली मी संसार शिकले, त्यामुळे माझाही स्वभाव तसाच झाला. म्हणून ज्या बाईमुळे माझं आयुष्य मार्गी लागलं, तिच्यावर पहिल्या दिवशी माझा काडीचाही विश्वास बसला नव्हता. ती एका कंपनीच्या फोनवर बसायची. तिचं नाव मला फार उशिरा कळलं, आणि तोवर त्याचा काही उपयोग उरला नव्हता. आमच्या घरात ती हॅलोबाई होती आणि हॅलोबाईच राहिली.

तेव्हा मी बाटल्या धुण्याच्या कारखान्यात होते. रिकाम्या बाटल्या परत यायच्या, त्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायच्या, आत ब्रश फिरवायचा, उजेडासमोर धरून डाग बघायचा आणि पुढच्या बाईकडे सरकवायची. दिवसभर हेच. हाताची सालटी निघायची. मुलीच्या गालावरून हात फिरवला तर ती मान काढून घ्यायची, "आई, टोचतंय!" मला त्या कारखान्याचा असा वीट आला होता की घरात कुणी बाटलीचं बूच उघडलं तरी माझं डोकं फिरायचं.

आणि मला कोंबड्यांचा नाद. अंगणात दहा-बारा होत्या. आजूबाजूचे लोक माझ्याकडे पिल्लं मागायचे, पण खुडूक कोंबडी बसणार किती अंड्यांवर? मग एक जुनं अंडी उबवायचं मशीन विकायला निघाल्याचं कळलं. कपाटाएवढं मशीन, आत जाळीचे ट्रे, मागे हीटर आणि पंखा. मी हट्टच धरला. आमचे हे रंगारी आहेत, भांडण नको म्हणून कुठल्याही रंगाला "छान" म्हणतात, तसंच मशीनलाही म्हणाले. सासूबाई मात्र खमक्या. मागची खोली त्यांची. त्या म्हणाल्या, "एक खेप. एका खेपेत पिल्लं निघाली, तर खोली तुझी आणि कारखाना सोड. नाही निघाली, तर मशीन भंगारात आणि तू बाटल्यांत."

मुकादमाने महिनाअखेरपर्यंत माझी जागा राखून ठेवायचं कबूल केलं. मी स्वतःच्या कोंबड्यांची, शेजाऱ्यांची, जाऊबाईंच्या माहेरची, मिळतील तिथली अंडी गोळा केली आणि मशीन भरलं. तीन आठवड्यांचा खेळ. दिवसातून कितीदा तरी ट्रे कलते करायचे, पाण्याची वाटी भरायची, काचेतून आतल्या तापमानाचा आकडा बघायचा. दुसऱ्या आठवड्यात अंधारात टॉर्च लावून अंडं बघितलं तर आत चक्क हालचाल! मी खोलीतून ओरडतच बाहेर आले. सासूबाई म्हणाल्या, "अंड्याला ऐकू जाईल, हळू बोल." पण नंतर त्या स्वतः गुपचूप टॉर्च घेऊन आत गेल्या, ते मी पाहिलं.

तिसरा आठवडा लागला आणि एका दुपारी आकडा खाली यायला लागला. लाइट चालू, पंखा चालू, दिवा चालू, पण आतली ऊब कमी-कमी होत चाललेली. हात घातला तर गार वारा.  ह्यांना फोन लावला, पण हे शिडीवर चढले की फोन खाली डब्यांजवळ ठेवतात, तो वाजून-वाजून गप्प झाला.

आता आमच्या घरातल्या फोनबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे फोन बोलण्यासाठी नव्हताच. एक रिंग म्हणजे "निघालो", दोन म्हणजे "उशीर होईल", तीन म्हणजे "तूच कर, माझ्यात बॅलन्स नाही." उचलायच्या आत कट करायचं. चुकून कुणी उचललं तर तो दिवसभर बोलणी खायचा. माझ्या मुलीला तर लहानपणी वाटायचं की फोन हे वाजवायचंच खेळणं आहे.

मशीनच्या दारावर कंपनीचं स्टिकर होतं. वर मोठ्या अक्षरांत एक नंबर, खाली बारीक अक्षरांत दुसरा. मोठा तो खरा, असं धरून मी तो लावला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," म्हणाले आणि संगीत लावलं. मी कानाला फोन लावून उभी. संगीत संपेना, माणूस येईना. मग आपोआप कट झालं आणि मेसेज आला, बॅलन्स संपत आला. अरे, कुणाशी एक शब्द बोलले नाही आणि पैसे गेले? वाट बघायचेही पैसे? माझी नुसती आग-आग झाली. आता उरलं होतं ते इतकंच की कुणाला तरी मिस्ड कॉल देता येईल, बोलायला मिनिटभरही पुरलं नसतं.

मग मी खालच्या बारीक नंबरला तेच केलं जे आम्ही जगाला करत आलो. एक रिंग दिली आणि कट. थांबले. परत एक रिंग, कट. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तीन दे, तीन! बॅलन्स नाही हे त्यांना कळायला नको का?" मी तीन दिल्या. परत तीन. मशीनचा आकडा खाली चाललेला आणि मी आपली कंपनीला मिस्ड कॉल देतेय! आज आठवलं तरी मी एकटीच हसते. त्या वेळी मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

आणि फोन वाजला. वेगळाच नंबर. पलीकडून एक थोडा घोगरा, दमदार आवाज.

"हॅलो, बोला, ऐकतेय. अहो बाई, तुम्ही रिंग देऊन कट का करताय? उचलू तर द्या!"

मी म्हटलं, "बॅलन्स नाही हो माझ्यात."

"लागतच नाही बॅलन्स! तो टोल-फ्री नंबर आहे. त्याला फोन केला की तुमचा एक पैसा जात नाही. बिल आमच्या कंपनीला येतं. वरचा मोठा नंबर लावलात का आधी? लावलातच. सगळे तोच लावतात. तो विक्रीचा. त्याचे पैसे फोन करणाऱ्याला पडतात, नेहमीच्या फोनपेक्षा जास्त पडतात, आणि संगीत सुरू झाल्यापासून पडतात. खालचा माझा. आता मी माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून बोलतेय, कारण इथल्या टेबलावरच्या फोनला कॉल येतो फक्त, जात नाही. तेव्हा मी ठेवते आणि तुम्ही खालच्याला लावा. आणि देवाशपथ, या वेळी मी उचलेपर्यंत थांबा."

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. "फुकट म्हणते? मागून कापतील," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कापायला आहे काय माझ्यात?" आणि लावला. लागला. एवढासा बॅलन्स असताना लागला, आणि "हॅलो, बोला, ऐकतेय" असं ती पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, जणू आत्ता बोललोच नव्हतो.

"पंखा फिरतोय? फोन मशीनजवळ धरा, मला ऐकू द्या." मी धरला. "हं. पंखा बरा आहे. हीटरची वायर निसटली असणार, थरथरीने निसटते ती, या मॉडेलचं जुनं दुखणं आहे. किती दिवसांची अंडी?" मी सांगितलं. "मग घाबरू नका. आता पिल्लं मोठी झालीत, त्यांची स्वतःची ऊब असते. लगेच काही होत नाही. आधी अंडी बाहेर काढून झाकायची, मग मशीन. घरात गरम पाणी भरायला काय आहे?"

घरात काय असणार? बाटल्या! कारखान्यातल्या टवके उडालेल्या बाटल्या मी घरी आणायचे, तेल-पाणी ठेवायला. मी आणि सासूबाईंनी कोमट पाणी भरून त्या गादीवर ओळीने मांडल्या, मध्ये अंडी, वर घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोधड्या. फोन माझ्या खांद्यात धरलेला, मान वाकडी. पलीकडून ती सांगत होती, "अंडं बंद पापणीला लावून बघा. गारही नाही, चटकाही नाही, असं वाटायला हवं. मला हे एका आजोबांनी सांगितलंय, त्यांचा फोन आला होता. मला स्वतःला काय कळतंय? लोक सांगतात ते मी पुढच्याला सांगते."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या गादीपाशी बसून एकेक अंडं डोळ्याला लावत होत्या, चेहरा असा की बाळाचा ताप बघतायत. एकदम त्यांनी हात पुढे केला. "फुकट आहे ना? दे मला." आणि फोनमध्ये ओरडल्या, "अहो हॅलोबाई, एक गार लागतंय!" ते नाव तेव्हा पडलं. "त्याच्याजवळची बाटली बदला, आजी," ती म्हणाली.

मग मशीन. "आधी प्लग काढा. नुसतं बटण नाही, प्लगच. काढलात? हातात धरलाय? दाखवा असं म्हणता येत नाही मला, म्हणून सांगा तरी." मागचा पत्रा काढायला स्क्रू ड्रायव्हर मिळेना, भाजीच्या सुरीच्या टोकाने स्क्रू फिरवले. फोनवरून मशीन दुरुस्त करायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं मला वाटत होतं, पण ती म्हणाली तिथेच, म्हणाली त्याच रंगाची वायर लोंबत होती. ती खोचायची कशी, घट्ट झाली हे ओळखायचं कसं, सगळं तिने सांगितलं. मध्येच मागून कुणीतरी पुरुष तिला म्हणाला, "बाई, किती वेळ? मीटर पळतोय!" ती फोनवर हात न ठेवता म्हणाली, "पळू द्या साहेब. अंडी पळून येत नाहीत." आणि मला, "हं, आता प्लग लावा. आकडा वर जातोय का ते मला वाचून दाखवा."

आकडा चढायला लागला तेव्हा मला रडूच फुटलं. ती पलीकडे थांबली होती. घाई केली नाही, "अजून काही मदत" वगैरे म्हणाली नाही. कंपनीचे पैसे जात होते आणि ती माझं रडणं ऐकत थांबली होती. मग म्हणाली, "ठेवू? ट्रे हळू सरकवा. परत काही वाटलं तर फोन करा. रिंग देऊ नका, फोन करा."

पिल्लं निघाली. सगळी नाही, पण बहुतेक. पहिल्या अंड्याला टवका पडला आणि आतून चोच दिसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खोलीला पांढरा रंग द्यायला सांग त्याला, पिल्लांना उजेड लागतो." एवढंच. मी महिनाअखेरीला मुकादमाला सांगून आले की माझी जागा दुसऱ्या कुणाला दे. परत येताना मी रस्त्यात उगीचच हसत होते, लोक बघायला लागले.

पुढे सुट्ट्या भागांसाठी मला कंपनीत जायचा प्रसंग आला. मी मुद्दाम स्वतः गेले. म्हटलं, काचेचं ऑफिस असेल, कानाला ते माइकवालं यंत्र लावून बसली असेल. कसलं काय! खोक्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात टेबल, त्यावर फोन, फोनच्या शेजारी पाण्याचा गडू, आणि स्टुलावर उशी टाकून माझ्याहून बरीच थोरली एक बाई. मला वाटली होती तेवढी उंच नव्हती. आवाजच उंच होता. मी नुसतं "उचलू तर द्या!" म्हटलं आणि तिने मला ओळखलं.

ती त्याच कंपनीत पॅकिंगला होती. मशीनभोवती थर्माकोल बसवायची. एकदा बोटं पत्र्याखाली सापडली, दोन बोटं कायमची आखडली. मालक वाईट नव्हता, त्याने तिला काढलं नाही, फोनवर बसवलं. तिच्याआधी छान-छान बोलणारी मुलं-मुली येऊन गेली होती, कुणी टिकलं नाही, कारण दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची आणि शिव्या खायच्या. ही टिकली. जेवायलाही उठायची नाही, डबा तिथेच. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, बहिणीकडे राहायची. "मला घरी फार बोलायला कुणी नाही," ती म्हणाली, "इथे पैसे देऊन कंपनी मला बोलायला लावते. माझ्यासारखी नशीबवान कोण?"

मग तिने मला पिल्लांबद्दल विचारलं. कशी निघतात, किती वेळ लागतो, ओली असतात का. मी चकित. "एवढी वर्षं या कामात आणि तुम्ही पाहिलं नाही?"

"मशीन इथून रिकामं जातं. आणि फोन येतो तो बिघडलं की. चांगलं झालं तर कोण फोन करतंय? अंडी गेली तर सांगतात, निघाली तर कामाला लागतात. बरोबरच आहे म्हणा."

 मी म्हटलं, पुढच्या खेपेला मी फोन करून तुम्हाला पिल्लांचा आवाजच ऐकवते, फुकट तर आहे. तिने ठामपणे मान हलवली. "तुम्हाला फुकट आहे, कंपनीला नाही. ते एक वेळ सोडा. पण लाइन एकच आहे. मी पिल्लं ऐकत बसले आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाची अंडी गार होत असली तर?"

मी थोडा विचार केला आणि विचारलं, "तुम्ही उचलायच्या आत मी कट केलं, तर बिल कुणाला?"

"कुणालाच नाही. उचलला तरच मीटर."

"मग झालं तर! पिल्लं निघाली की मी एक रिंग देईन. तुमच्या फोनवर माझा नंबर दिसेल. उचलू नका."

ती इतकी हसली की पलीकडच्या खोलीतून मालक डोकावला.

त्यानंतर कित्येक वर्षं मी तेच केलं. खेप निघाली की एक रिंग आणि कट. सणावाराला नाही, वाढदिवसाला नाही, फक्त पिल्लांना. काम असलं की व्यवस्थित फोन करायचे, आणि तेव्हा ती रिंगचा विषयही काढायची नाही, सरळ "हॅलो, बोला, ऐकतेय." मशीन एकाची तीन झाली. जाऊबाई नाकं मुरडणं सोडून माझ्याकडे कामाला यायला लागल्या. माझे हात मऊ झाले, आणि माझी मुलगी, जी आता माझ्याएवढी उंच आहे, ती मुद्दाम माझा हात धरून बघते आणि चिडवते, "आई, राणीचे हात झाले तुझे."

मग एकदा रिंग द्यायला गेले तर बाई बोलली ती यंत्रातली. हा नंबर आता बंद आहे, कृपया अमुक नंबरला लावा. अमुक नंबर म्हणजे पैसे लागणारा. लावला. एक दाबा, दोन दाबा, आणि संगीत. शेवटी एक पोरगा आला, गोड बोलला, पण कुणा हॅलोबाईला ओळखत नव्हता. म्हणाला, "त्या रिटायर झाल्या असतील, मॅडम. टोल-फ्रीचा खर्च फार होता." तिचा मोबाइल नंबर माझ्या जुन्या फोनमध्ये होता, आणि तो फोन केव्हाच पाण्याच्या पिंपात पडून मेला होता. त्या दिवशी मी सगळ्यांवर खेकसत होते. सासूबाईंनी, आता खूप थकल्यात त्या, फक्त विचारलं, "पिल्लं निघाली, मग सांगायचं कुणाला?" 

अशा बऱ्याच खेपा गेल्या. परवाची गोष्ट. मी पिल्लांच्या ट्रेपाशी, दोन्ही हात गुंतलेले, आणि फोन वाजला. एक रिंग आणि कट. अनोळखी नंबर. थोड्या वेळाने परत, एक रिंग आणि कट. हात पुसून येईपर्यंत गेलेला. माझं टाळकं सरकलं. काम नाही धंदा नाही, लोकांना मिस्ड कॉल देत बसतात! मी तोच नंबर लावला आणि पलीकडून उचलताक्षणी तोंड सोडलं.

"अहो, रिंग देऊन कट कशाला करताय? उचलू तर द्या!"

पलीकडून घोगरा आवाज, आधीपेक्षा बारीक झालेला.

"हॅलो. बोला. ऐकतेय."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"रागावू नका हं," ती म्हणाली. "तुमचा नंबर पाठ आहे, दर खेपेला दिसायचा ना. मी घरी बसले तेव्हापासून तुमची रिंग ऐकली नाही. म्हटलं, मशीन बिघडलं की काय, तुम्ही विचारणार कोणाला आता. पण तुम्ही कामात असाल, म्हणून उचलायच्या आत ठेवलं. पिल्लं बरी आहेत ना? बास, एवढंच हवं होतं. ठेवते हं, हा साधा फोन आहे, तुमचं बिल चढतंय."

"ठेवायचं नाही!" मी ओरडलेच. "खबरदार ठेवलात तर. आज बिल माझं आहे. आणि ही लाइन तुमच्या एकटीची आहे, मागे कुणीही थांबलेलं नाही."

मी मशीनकडे वळले. खालच्या ट्रेमधली खेप सकाळपासून निघत होती, काही सुकून कापसासारखी झालेली, काही अजून ओली, दोन-तीन अंडी टवके पडून आतून टकटक करणारी. मी मशीनचं दार उघडलं आणि फोन अगदी ट्रेच्या कडेला धरला. काय तो किलबिलाट! एक आगाऊ पिल्लू तर फोनवरच चोच मारायला लागलं. पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं कट झाला, म्हणून कानाला लावला.

ती रडत होती. पहिल्या दिवशी मी रडले तेव्हा ती थांबली होती, तशी मी थांबले. घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "किती आहेत गं?"

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच "गं" म्हटलं.

"खूप आहेत, ताई," मी म्हटलं, "अजून निघतायत. ऐका." आणि फोन परत ट्रेपाशी धरला.